आधी विचारा, पडतो कधी?

दिवाळी सरते, हवेत गारवा येतो आणि उन्हाळाभर गप्प बसलेला न्हाणीघरातला गिझर रोजच्या कामाला लागतो. वायरमनचे फोनही त्याच सुमाराला खणखणू लागतात. तक्रारी ठरलेल्या असतात: बोर्डावरचा स्विच पडतो, पाणी कोमटच राहतं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, पिन काळी पडली आहे. दुरुस्तीही ठरलेली: कॉइल बदला, नाहीतर थर्मोस्टॅट, नाहीतर सॉकेट. घर दोन-चार आठवडे निवांत असतं आणि मग एका सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी बोल कंपनीला लावला जातो, किंवा वायरमनला, किंवा ‘हल्लीच्या वस्तू टिकतच नाहीत’ असं म्हणून विषय संपवला जातो. यातलं काहीबाही कधीकधी खरंही असतं. पण एकच बिघाड परत परत येतो तेव्हा बहुतेक वेळा झालेलं इतकंच असतं, की जळालेला भाग बदलला गेला आणि तो जळाला का, हे कोणी विचारलं नाही. ‘का’ शोधायचं तर आधी ‘कधी’ विचारावं लागतं. स्विच चालू करताक्षणी पडतो, दहा मिनिटांनी पडतो, की गिझर बंद असतानाही पडतो? या तिन्हींची कारणं तीन वेगळ्या ठिकाणी दडलेली असतात. ही वेळ घरातल्या माणसांना ठाऊक असते. वायरमनला ती कोणी सांगत नाही आणि घाईत असलेला तोही विचारत नाही.

यंत्र म्हणून गिझर अगदी साधा. पाण्याची टाकी, तिच्यात बुडालेली कॉइल, पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅटनं दगा दिला तर वीज तोडणारा दुसरा राखणदार, म्हणजे थर्मल कटआउट. मोटर नाही, पंखा नाही. तरी तो इतका बिघडतो, कारण त्याच्यावर पडणारा भार आणि त्याला मिळालेली जागा. १५ लिटरचा साठवणीचा गिझर सहसा २००० वॉटचा असतो; २३० व्होल्टवर तो ८.७ अँपिअर वीज ओढतो. ३ लिटरचा ‘इन्स्टंट’ ३००० वॉटचा, म्हणजे १३ अँपिअर. छताचा पंखा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. घरातल्या सर्वांत ओल्या खोलीत, घरातल्या सर्वांत मोठ्या भारांपैकी एक, आणि तोही पाण्यात बुडवून! आणखी एक आकडा हाताशी असावा. २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर न्यायला २००० वॉटच्या कॉइलला साधारण १८ मिनिटं लागतात. हेच व्होल्टेज १८०वर उतरलं, तर कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घसरून सव्वाबाराशे वॉटच्या आसपास येते आणि पाण्याला अर्धा तास लागतो. शेतीपंप चालू असतानाच पाणी उशिरा तापत असेल, तर गिझर उघडण्यात अर्थ नाही.

आता स्विच पडण्याकडे वळू. आपण सरसकट ‘एमसीबी पडला’ म्हणतो, पण बोर्डावर दोन जातींचे पहारेकरी असतात आणि त्यांच्या तक्रारी वेगळ्या असतात. एमसीबी वाहणारी वीज मोजतो. ती मर्यादेबाहेर गेली की पडतो. आरसीसीबी, जुन्या बोलीत ईएलसीबी, वीज किती वाहते याची फिकीर करत नाही. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत आली का, एवढंच तो पाहतो. घरगुती आरसीसीबीला ३० मिलीअँपिअरचा फरक दिसला, की वीज भलत्या वाटेनं, कदाचित एखाद्याच्या अंगातून, जमिनीत जाते आहे असं मानून तो पडतो. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं एक बटण असतं, त्यावरून तो ओळखायचा. दोघांतला कोण पडला एवढं नीट सांगितलं, तर अर्धा तपास तिथेच होतो. आरसीसीबी पडला असताना जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून देणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून दार बदलण्यासारखं आहे, आणि हे सर्रास होतं.

गिझरमुळे आरसीसीबी पडतो त्यामागे बहुधा कॉइल असते. कॉइल म्हणून आपण जी धातूची वळलेली नळी पाहतो, ती खरी तापणारी तार नव्हेच. तार नायक्रोमची, नळीच्या पोटात मधोमध असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशिअम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते पण वीज अडवते, म्हणूनच पाण्यात वीज न उतरता उष्णता उतरते. मात्र तिला एक वाईट खोड आहे: ती ओल शोषते. नळीला बारीकशी चीर गेली किंवा टोकाचं सील तडकलं, की दमट हवा आत शिरते आणि विजेला नळीपर्यंत यायला वाट मिळते. चीर मोठी असेल तर स्विच टाकताक्षणी आरसीसीबी पडतो. तो बिघाड सोपा, कारण तो लपत नाही. लपतो तो दुसरा. मॅग्नेशिअम ऑक्साइडचा विजेला होणारा विरोध तापल्यावर कमी होतो. शिवाय धातू प्रसरण पावला की थंडपणी मिटलेली चीर उघडते. म्हणून कॉइल थंड असताना सगळं सुरळीत आणि आठ-दहा मिनिटांनी स्विच खाली. वायरमन येतो तेव्हा कॉइल थंड असते. तो मल्टिमीटर लावतो, २००० वॉटच्या कॉइलला साधारण २६ ओहम दाखवायला हवेत तेवढे दिसतात आणि तो म्हणतो, कॉइल ठीक आहे. तो खोटं बोलत नाही, पण त्यानं तार तुटलेली नाही एवढंच तपासलेलं असतं. तार आणि नळी यांच्यात गळती आहे का, हे बॅटरीवरच्या मीटरच्या काही व्होल्टना बहुधा कळत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लावावा लागतो. तिथे आकडा मेगाओहममध्ये हवा. तो एकाच्या खाली घसरला असेल तर कॉइल संशयित, आणि रोज थोडा घसरत असेल तर तिचा निकाल लागल्यातच जमा. चार-सहा महिने बंद राहिलेला गिझर पहिल्याच दिवशी स्विच पाडतो आणि मग दोन दिवसांत ‘आपोआप बरा’ होतो, त्याचंही रहस्य हेच: पावसाळ्यात पुडीनं ओल धरलेली असते आणि तापवल्यावर ती थोडीफार उडते. बरा झाला म्हणून सोडून देऊ नये. ओल जिथून आत आली ती फट तशीच असते.

सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार म्हणजे गिझर बंद असताना आरसीसीबी पडणं. घरातले लोक मग फ्रिजवर, मिक्सरवर किंवा इस्त्रीवर आळ घेतात, कारण त्यातलं काहीतरी चालू केल्यावरच तो पडलेला असतो. न्हाणीघराबाहेरचं साधं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलमधली गळती पुरेशी मोठी असेल, तर बंद गिझरमधूनही न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना भेटतात. मग इस्त्री चालू झाली की तिची परतणारी वीज न्यूट्रलनं जाता जाता थोडी या चोरवाटेनं अर्थमध्ये उतरते. आरसीसीबीचा हिशेब चुकतो आणि तो पडतो. यावरची परीक्षा अगदी साधी आहे: गिझरची पिन सॉकेटमधून पूर्ण उपसून ठेवायची आणि दोन दिवस घर नेहमीसारखं चालवायचं. या दोन दिवसांत आरसीसीबी एकदाही पडला नाही, तर फ्रिज निर्दोष सुटला. बटण बंद करून केलेली हीच परीक्षा मात्र काहीच सांगत नाही.

पण कॉइल चिरते का? दर वर्षी कॉइल बदलणाऱ्या घरानं हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि त्याचं उत्तर बहुधा विजेत नसून पाण्यात असतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मिळतं, पुण्याच्या जुन्या भागाला खडकवासल्याचं. धरणांचं हे पावसाळी पाणी मऊ. त्याच पुण्याच्या वाढत्या कडेच्या सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर जगतात, आणि दख्खनच्या काळ्या कातळातून आलेलं बोअरचं पाणी कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार बरोबर घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन म्हणतात, बोलण्यात जड पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. समजा ३०० मिलिग्रॅमचं पाणी आहे आणि घर रोज ६० लिटर तापवतं. वर्षाला साडेसहा किलो क्षार गिझरमधून ये-जा करतात. त्यांचा विसावा भाग जरी मागे राहिला, तरी पाव किलोहून जास्त चुना टाकीत साठतो. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात. या क्षारांचं उलटं, तापवलं की ते बाहेर पडतात. आणि टाकीतली सर्वांत तापलेली जागा कोणती, तर कॉइलची नळी. वर्षाभरानं बाहेर काढलेली कॉइल पाहिली तर नळीची वेटोळी ओळखू येत नाहीत. राखाडी-पांढरा, खडबडीत गोळा दिसतो, नखानं खरवडला तर पापुद्रे सुटतात आणि खाली कुठेतरी हिरवट, काळसर डाग असतो. चीर सहसा त्या डागातच सापडते.

इथे एका रूढ समजाबद्दल बोलायला हवं. क्षार चढले की पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढतं, असं सांगितलं जातं. गॅसवरच्या भांड्याबाबत ते बरंचसं खरं आहे, कारण तिथली वाया गेलेली उष्णता हवेत जाते. गिझरची कॉइल मात्र चहूबाजूंनी पाण्यात असते. तिच्यात तयार झालेली उष्णता जाणार कुठे? उशिरा का होईना, ती पाण्यातच जाते. त्यामुळे बिलात फार फरक पडत नाही आणि माणूस गाफील राहतो. फरक पडतो तो कॉइलला. क्षारांच्या गोधडीखाली तीच उष्णता बाहेर ढकलण्यासाठी नळीला कितीतरी जास्त तापावं लागतं, आणि रोजच्या त्या तापण्या-निवण्यात ती थकते. शेजारची थर्मोस्टॅटची नळीही त्याच गोधडीत गुरफटली, की त्याला पाण्याचं नव्हे, क्षारांचं तापमान कळू लागतं. मग कधी पाणी कोमट असतानाच वीज तुटते, तर कधी उकळी फुटायची वेळ आली तरी तुटत नाही. अशा घरात तांब्याच्या जागी इन्कोलॉयच्या नळीची कॉइल घेणं, वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढणं, टाकीऐवजी स्वतः झिजणारी मॅग्नेशिअमची कांडी शिल्लक आहे का ते पाहणं आणि थर्मोस्टॅटचा काटा पंच्याहत्तरवरून साठच्या खाली आणणं, हे चार उपाय पाचव्या नव्या कॉइलपेक्षा स्वस्त पडतात.

एमसीबी पडण्याची गोष्ट त्या मानानं लहान आहे. टाकताक्षणी पडला तर कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. पंधरा-वीस मिनिटांनी पडला तर भार आणि मर्यादा यांचं जमत नाही. साठवणीचा जुना गिझर काढून त्याच जागी ३००० वॉटचा इन्स्टंट लावला आणि बोर्डात १० अँपिअरचाच एमसीबी राहिला, तर १३ अँपिअर म्हणजे मर्यादेच्या १.३ पट होतात. मानकाप्रमाणे एमसीबीनं १.१३ पटीपर्यंत तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलंच पाहिजे. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी. एखाद्या दिवशी पडतो, एखाद्या दिवशी नाही, असं का होतं याचं कोडं इथे सुटतं. यावर १६चा किंवा २०चा एमसीबी लावण्यापूर्वी भिंतीतली तार पाहायची, कारण एमसीबी गिझरचं रक्षण करायला नसतो, तारेचं करायला असतो. जुन्या इमारतीतली बारीक किंवा ॲल्युमिनिअमची तार तशीच ठेवून वरचा एमसीबी मोठा केला, की जे पूर्वी बोर्डात कळत होतं ते आता भिंतीच्या आत जळून कळेल. एमसीबीचाच स्क्रू ढिला असेल, तर तिथली उष्णता त्याच्या पोटातल्या पट्टीला तापवून त्याला कमी भारावरही पाडते. कित्येकदा इलाज पेचकसाच्या दोन फेऱ्यांचा असतो.

याहून धोकादायक बिघाड तो, ज्यात कोणताच स्विच पडत नाही. सॉकेटमधल्या पितळी पात्यांची पकड सैल झाली की पिन आणि पातं यांचा नीट स्पर्श होत नाही. त्या जागी अर्ध्या ओहमचा जरी विरोध तयार झाला, तरी ८.७ अँपिअरला तिथे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात डाग देण्यासाठी २५ ते ३५ वॉटची सोल्डरिंग इस्त्री वापरतात. म्हणजे तुमच्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या पोटात रोज सकाळी वीस मिनिटं एक सोल्डरिंग इस्त्री पेटवून ठेवल्यासारखं झालं. त्या उष्णतेनं पात्याचा ताण आणखी जातो, पितळ काळं पडतं, विरोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण वीज जास्त वाहतच नाही. आरसीसीबीलाही नाही, कारण गेलेली वीज पूर्ण परत येते. खबर देतं ते फक्त नाक: जळक्या बेकलाइटचा, मासळीसारखा उग्र वास. आणि इथली नेहमीची दुरुस्ती अर्धवट असते. काळं पडलेलं सॉकेट बदलतात, पण त्याच काळ्या पिनेचा टॉप परत त्यात खुपसतात. ती खडबडीत पिन नव्या सॉकेटची पातीही थोड्याच दिवसांत बिघडवते. दोन्ही एकदम बदलायचं, १६ अँपिअरचंच घ्यायचं, आणि तारेचं जळून कडक झालेलं टोक कापून ताजं तांबं स्क्रूखाली घ्यायचं. नाहीतर दोन महिन्यांनी तोच वास.

कटआउटचं लाल बटण दाबून गिझर पुन्हा चालू करणाऱ्यांना एकच सांगायचं: ते बटण बाहेर आलं याचा अर्थ बहुधा थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले आहेत आणि पाणी उकळीकडे निघालं होतं. एकदा दाबणं ठीक. दुसऱ्यांदा बाहेर आलं तर थर्मोस्टॅट बदलून घ्यावा आणि वरचा प्रेशर व्हॉल्व्ह मोकळा आहे का ते पाहून घ्यावं.

यावर कुणी म्हणेल, एवढा तपास करायला सवड कुणाला आहे? नवा गिझर आणला की प्रश्न मिटला. टाकीच गळत असेल, पाणी तांबूस येत असेल, तर हे म्हणणं बरोबर आहे. तिथे दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. पण बोअरचं पाणी, सैल सॉकेट आणि अपुरी तार या तिन्ही गोष्टी नव्या गिझरच्या खोक्यातून येत नाहीत. त्या घरातच असतात आणि नव्या गिझरचं स्वागत करतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो अनेकदा वायरमनच मांडतो: आरसीसीबी नाहक पडतो, त्याला बायपास करून टाकू. नाहक पडणारे आरसीसीबी असतात, पण हे ठरवायला गिझरची पिन उपसून पाहण्याची दोन दिवसांची परीक्षा आणि मेगरचा आकडा हवा, वैताग पुरेसा नाही. तिसरं म्हणणं घरोघरी ऐकू येतं: आम्ही आंघोळीआधी बटण बंद करतो, मग भीती कसली? सवय चांगली आहे, पण बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर ते बटण न्यूट्रल तोडतं आणि कॉइल बंद अवस्थेतही जिवंत राहते. आणि अर्थिंगचं काय? पूर्वी जमिनीतून आलेले लोखंडी पाइप थोडीफार गळती आपसूक जमिनीत नेत. आता पाइप प्लास्टिकचे आहेत आणि तिसऱ्या पिनेमागे तार आहे की नुसतं भोक, हे कित्येक घरांत कुणी पाहिलेलं नसतं. अर्थिंग नसेल तर गळकी कॉइल आरसीसीबीला पाडत नाही. टाकीचा पत्रा आणि पाणी फेजवर चढून बसतात, आणि गळतीला जमिनीकडे जायला मिळणारी पहिली वाट म्हणजे नळावर ठेवलेला हात. म्हणून झिणझिण्या आल्या की गिझर त्या क्षणी बंद, तोही पिन उपसून किंवा मेन बंद करून. ‘थोडंसंच लागतं’ म्हणत वापरत राहण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

घरच्या माणसानं झाकण उघडायचं नाही, ते परवानाधारक वायरमनचं काम. घरच्यानं करायचं ते झाकणाबाहेर: कोणता स्विच पडला आणि चालू केल्यापासून किती मिनिटांनी, हे बोर्डाशेजारी कागदावर टिपणं, महिन्यातून एकदा आरसीसीबीचं ‘टी’ बटण दाबणं, गिझर वीस मिनिटं चालल्यावर बंद करून कोरड्या हातानं टॉप चाचपणं, कोमट चालेल, चटका नको. वायरमन आला की जुनी कॉइल त्याच्याकडून मागून घ्यावी आणि चीर कुठे आहे ती दाखवायला सांगावी. दाखवता आली नाही, तर बदललेला भाग चुकीचा असण्याची शक्यता बरीच आहे. नवी कॉइल बसल्यावर, पण झाकण लागण्यापूर्वी, टाकी पाण्यानं भरून नळाला सलग धार येते का ते पाहावं; कोरडी चालवलेली कॉइल काही मिनिटांतच संपते. मग मेगर लावून आलेला आकडा आणि तारीख मार्करनं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायला सांगावं. पुढच्या दिवाळीनंतर ते झाकण जो कुणी उघडेल, त्याच्याकडे ताडून पाहायला मागच्या वर्षीचा आकडा असेल.